पानांचा हिशेब

पत्रिकेचे प्रूफ आले त्या संध्याकाळी सासूबाईंनी भिंग मागून घेतले. लेकीच्या मते छापील पत्रिका म्हणजे कागदाची नासाडी होती आणि मोबाइलवर पाठवण्याजोगी एक पत्रिका तिने स्वतःच तयार करून ठेवली होती. पण गावी देवापुढे काय ठेवायचे आणि वाडीत घरोघरी अक्षता कशाबरोबर द्यायच्या, या सासूबाईंच्या दोन प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नव्हते, म्हणून 100 प्रती छापायचे ठरले होते. माथ्यावर ग्रामदेवतेचे नाव, त्याखाली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मग वधूवरांची नावे आणि तळाला निमंत्रकांची, अशी ती नेहमीचीच पत्रिका होती. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. त्यांनी भिंग एकेका ओळीवरून नेत, ओठ हलवत, ती पुरी वाचली, घडी घालून उशीखाली ठेवली आणि त्या रात्री जेवायला बसल्या नाहीत. दहाच्या सुमारास मी दूध घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, “माका दोन झील. हेच्यात एकच छापलो.”

माझ्या यजमानांचे थोरले बंधू, म्हणजे लेकीचे मोठे काका, गिरगावात राहतात. पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातून ते निवृत्त झाले. ज्या चाळीत दोघे भाऊ वाढले, तिथली खोली पागडीची होती, म्हणजे एकदा ठोक रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली, सासऱ्यांच्या नावावर. आणि 2003 साली सासरे गेल्यावर सगळ्यांच्या संमतीने भाडेपावती भावोजींच्या नावावर झाली, कारण आम्ही तोवर बोरिवलीला आलो होतो आणि महिन्याचे भाडे भरायला, नळाच्या वेळा सांभाळायला, पावसाळ्यात गळणाऱ्या छपरावर ताडपत्री घालायला तेच तिथे होते. त्या वेळी ती खोली म्हणजे 180 चौरस फुटांची एक अडचण होती. पुढे चाळीचा पुनर्विकास ठरला. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतल्या भाडेकरूला मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) या नियमाखाली किमान 300 चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. म्हणजे जी अडचण होती तिची एका सहीने मालमत्ता झाली. यजमानांनी वाटा मागितला. भावोजींनी तेरा वर्षांच्या पावत्या पुढे ठेवल्या. यजमान म्हणाले, “खोली खाल्लीत तुम्ही.” हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे, आणि ते ऐकताना भावोजींच्या हातातला चहाचा कप बशीवर कसा वाजला, तेही. त्यानंतर नऊ वर्षे दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत.

बोललेले नाहीत म्हणजे भेटलेले नाहीत, असे मात्र नाही. कोकणातल्या माणसाला ते शक्यच नसते. गणपतीला दोघेही गावी जातात, एकाच घरात उतरतात, एकाच मूर्तीपुढे उभे राहून आरती म्हणतात, एक जण टाळ वाजवतो तेव्हा दुसरा झांज धरतो, आणि नजरेला नजर न देता सातव्या दिवशी विसर्जन करून वेगवेगळ्या गाड्यांनी मुंबईला परततात. “गणपती वाटूक येना नाय, म्हणान थय एकत्र येतत,” असे सासूबाई म्हणतात. चाळ रिकामी झाली तेव्हापासून त्या आमच्याकडे आहेत.

निमंत्रकांत थोरल्याचे नाव आधी, मग धाकट्याचे, ही रीत कुणाला सांगावी लागत नाही. म्हणूनच तिथे नाव नसणे हे नुसते नसणे राहत नाही. पत्रिका हातात घेणारा प्रत्येक नातलग पहिल्यांदा तिथेच पाहतो. मी यजमानांना तसे म्हटले. ते म्हणाले, “मुलीचा बाप मी आहे.” यावर मी काही बोलले नाही, कारण माझ्या डोक्यात तेव्हा हॉल होता.

हॉल आम्हाला दादरला मिळाला होता. दादर म्हणजे पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वेला सोयीचे. बोरिवलीची माणसे, ठाण्याची नणंद, डोंबिवलीचे मामा आणि गिरगावातले जे कोण येतील ते, सगळे एका गाडीने उतरू शकतात. मुंबईत लग्नाचे स्थळ माणसाच्या आवडीने ठरत नाही, रेल्वेच्या नकाशाने ठरते. हॉल सकाळी सात ते दुपारी साडेतीन, कारण संध्याकाळी दुसरे कार्य. आत बसायला 250, आणि केटरर हॉलचाच. निदान 225 पानांचे पैसे द्यावेच लागणार, त्यावर जेवढी पाने उठतील तेवढे वाढीव. नाशिकच्या व्याह्यांनी 90 माणसे सांगितली आणि ती शेवटपर्यंत 90च राहिली. व्याह्यांशी आमचा एकाही गोष्टीवरून खटका उडाला नाही. भांडायला आम्ही आमचे आम्हाला पुरे होतो. लेकीचे मित्रमैत्रिणी आणि ऑफिसचे मिळून 45, माझ्या माहेरचे 30. उरली 85 पाने, आणि यजमानांची यादी 212 जणांची होती.

ती यादी त्यांनी केली होती ती आमच्या लग्नातल्या आहेराच्या वहीवरून. हा त्यांचा न्याय साधा होता, आणि मला विचाराल तर बिनतोडही: जे आपल्या दारी आले, त्यांच्याकडे आपण जायचे आणि आपल्या कार्याला त्यांना बोलवायचे. लेक म्हणाली, “बाबा, यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखत नाही, आणि उरलेल्यांतले निम्मे तुम्ही ओळखत नाही.” तेही खरे होते. शेवटी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर वही उघडून आम्ही तिघे नावे गाळायला बसलो.

1991 सालची ती वही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. उभ्या तीन रेघा मारून रकाने पाडलेले: नाव, गाव, आहेर. ‘लेमन सेट 1.’ ‘स्टील डबा, झाकणासह.’ ‘रु. 21.’ ‘भिंतीवरचे घड्याळ.’ ‘रु. 51.’ ‘लेमन सेट 1.’ सात लेमन सेट आणि चार घड्याळे. त्यांतले एक घड्याळ अजून आमच्या स्वयंपाकघरात पाच मिनिटे पुढे चालते. कै. झालेली माणसे आधी गाळली, आणि हे सोपे जाईल असे वाटले होते तिथेच सर्वांत जास्त वेळ गेला, कारण यजमान प्रत्येक नावावर थांबून तो माणूस कसा गेला ते सांगत होते. माझगावच्या गोदीतले एक जण, चाळीतल्या कोपऱ्यावरचे शिंपी, लग्नात माझी चप्पल हरवली तेव्हा स्वतःच्या मुलीची आणून देणाऱ्या शेजारच्या काकू. लेकीने पेन खाली ठेवले होते. ती पहिल्यांदाच ऐकत होती.

अक्षर भावोजींचे होते. आमच्या लग्नात दाराशी टेबल टाकून आहेर लिहायला तेच बसले होते. सख्ख्या भावाचे लग्न, पण मंगलाष्टकांच्या वेळीसुद्धा ते जागचे उठले नाहीत, अशी त्यांच्याबद्दल तेव्हा थट्टा झाली होती. शेवटच्या पानावर बेरीज होती, नोटांची वर्गवारी होती, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ: ‘रोख 51 जास्त. नोंद सापडत नाही. पाकिटात वेगळे ठेवले.’ पाकीट त्याच पानाला टाचणीने टाचलेले होते. टाचणी गंजून कागदावर तपकिरी ठिपका उमटला होता. आत 50ची एक नोट आणि एक रुपया.

लेक म्हणाली, “इतकी वर्षं कुणी काढलेच नाहीत?”

यजमानांनी पाकीट पाहिले, पान उलटवले आणि म्हणाले, “पुढचं नाव वाच.”

इथे मला एक सांगितले पाहिजे. कुठल्याशा 51 रुपयांना हात न लावणारा माणूस घराच्या बाबतीतही चोख वागला असेल, असे काही त्यावरून सिद्ध होत नाही. त्या घराचा गुंता खरा आहे. यजमानांना त्यात काही मिळायला हवे होते असे मला आजही वाटते, आणि भावोजींनी ताडपत्र्या घातल्या हेही खरेच आहे. वही सापडली म्हणून खटला निकालात निघत नाही. फक्त त्या दिवशी यादी 85वर येईपर्यंत यजमान एकदाही ‘तो’ असे म्हणाले नाहीत. दोनदा ‘दादाने लिहिलंय’ असे म्हणाले. नऊ वर्षांत मी ते ऐकले नव्हते.

लेकीचे आणि माझे जुंपले ते निराळ्याच गोष्टीवरून. तिला लग्न विशेष विवाह कायद्याने करायचे होते, हॉलवरचा समारंभ त्यानंतर, आणि त्यात कन्यादान नको होते. “मी वस्तू आहे का?” हा प्रश्न तिने बापाला विचारला आणि बापाने मला विचारल्यासारखा माझ्याकडे पाहिले. कन्यादान गेले, त्यावर घरात दोन दिवस अबोला झाला, पण ते भांडण लवकर मिटले, कारण त्यात प्रत्येकाला आपली बाजू ठाऊक होती. पत्रिकेतले ‘चि. सौ. कां.’ असेच गेले. माझे जे दुखले त्याला असे नाव नव्हते. अकरा वर्षे मी बँकेतल्या बायकांबरोबर भिशी लावत होते आणि तिच्या लग्नात शालू घ्यायचा म्हणून ते पैसे बाजूला ठेवत होते. शालू कुठल्या रंगाचा, काठ केवढा, हे मी लोकलमध्ये बसल्या बसल्या कितीदा ठरवले असेल. हिंदमाताला आणि दादरला दोन शनिवार फिरून झाल्यावर, एका दुकानात गादीवर बसून, समोर साड्यांचा ढीग पडलेला असताना ती म्हणाली, “आई, मी तुझाच शालू नेसणार आहे.”

दुकानातल्या बायका कौतुकाने पाहू लागल्या. मला मात्र रडू आले ते रागाने. माझा शालू म्हणजे सासऱ्यांनी घाईत, मुहूर्ताच्या आठ दिवस आधी आणलेला, मला न विचारता, मला कधीही न आवडलेल्या चटणी रंगाचा. तो मी जपला नव्हता, नुसता टाकला नव्हता. घरी येऊन कपाटाच्या वरच्या फळीवरून काढला तर घडी होती तिथेच रेशीम विरले होते, आणि उलगडताना तीन ठिकाणी चरचर वाजले. लेक म्हणाली, “रफू करून घेऊ.” मी म्हटले, “तुला माझे पैसे वाचवायचेत की माझी हौस मोडायचीय?” ती काही वेळ गप्प राहून म्हणाली, “तुझ्या फोटोत तू यात जशी दिसतेस ना, तशी मला दिसायचं होतं.” तो फोटो काढला तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि रंग आवडला नाही म्हणून रुसलेली होते. हे तिला कधी सांगितले नव्हते. त्या दिवशीही सांगितले नाही.

नवा शालू घेतला, तो स्वागतसमारंभाच्या नावाखाली. विरलेल्याला रफू झाले. पैसे दोन्हीकडे गेले, आणि भांडण कोण जिंकले हे आमच्या घरात अजून ठरलेले नाही.

विशेष विवाह कायदा 1954चा. त्यानुसार विवाह अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात ठळक जागी लावतात, आणि कुणाची कायदेशीर हरकत असेल तर ती 30 दिवसांत नोंदवता येते. त्यानंतर, पण नोटिसीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर लग्न लावायचे. सासूबाईंना लग्न तुळशीच्या लग्नानंतरच हवे होते, चातुर्मासात नाही. म्हणजे पंचांगाने पाय मागे ओढला आणि कायद्याने पुढे. दोन्ही तारखा एका कागदावर मांडून आम्ही नोटीस ऑक्टोबरात दिली आणि लग्न डिसेंबरात धरले. नोटीस भिंतीवर लागते हे कळल्यावर सासूबाई लेकीला म्हणाल्या, “आमच्या घरातला कार्य भिंतीक चिकटवलास?” लेकीने त्यांना शांतपणे समजावले की कुणाला आक्षेप असेल तर त्याने तिथे जाऊन सांगावे, यासाठी ते असते. सासूबाई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “माझो आसा. पण माका रिक्षेत चढूक येना नाय.”

त्यांचा आक्षेप कशाला होता ते घरात सगळ्यांना ठाऊक होते. प्रूफ अजून त्यांच्या उशीखाली होते, आणि छापखान्यातून दोन फोन येऊन गेले होते.

या कोंडीत ठाण्याच्या नणंदेचा फोन आला. घरातल्या प्रत्येक लग्नाची मंगलाष्टके तिने लिहिली आहेत आणि ती तिच्या गळ्यात शोभतात. फोन स्पीकरवर ठेवून तिने पहिली दोन कडवी म्हणून दाखवली. दुसऱ्यात आजीचे नाव, मग मोठ्या काकांचे, लगेच बापाचे, असे ओळीने आले. यजमान म्हणाले, “ताई, ते नाव काढ.” ती म्हणाली, “काढता येत नाही रे. शार्दूलविक्रीडित आहे. ओळीला 19 अक्षरं लागतात, बाराव्यावर थांबायचं असतं. दादाचं नाव काढलं तर ओळ लंगडते.” यजमान म्हणाले, दुसरे काहीतरी घाल. ती म्हणाली, “काय घालू? तेवढ्या अक्षरांचा आणखी एक भाऊ आहे का तुला?”

मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले. नणंद शाळेत मराठी शिकवत असे. एका नावाऐवजी दुसरे शब्द बसवणे तिला अवघड नव्हते हे मला ठाऊक होते, यजमानांनाही ठाऊक असणार. पण वृत्तापुढे कुणाचे काही चालत नाही, असे म्हणून ते गप्प बसले, आणि त्या रात्री त्यांनी छापखान्याला फोन करून निमंत्रकांत एक ओळ वाढवायला सांगितले. कुठे, असे पलीकडून विचारले असावे. “वर,” ते म्हणाले. “माझ्या नावाच्या वर.”

पत्रिका छापून आल्या. पहिली देवापुढे ठेवली. दुसरी मी कुरिअरने गिरगावला पाठवू का, असे विचारले तेव्हा सासूबाई मुलाकडे न पाहता म्हणाल्या, “तेका पत्रिका धाडू नको. सोता जा.”

ते गुरुवारी गेले. अक्षता, पत्रिका आणि सुपारी पिशवीत घालून मीच दिली. बरोबर येऊ का म्हटले तर नको म्हणाले. साडेपाचला निघालेला माणूस रात्री अकराला परतला. त्या साडेपाच तासांतला प्रवास वजा केला तरी तीन तास उरतात, आणि त्या तीन तासांबद्दल मला आजवर कळले आहे ते एवढेच: “नवीन घर बरं आहे. मोरीला खिडकी नाही. वहिनींनी तिसळ्या केल्या होत्या.” सासूबाई जाग्या होत्या. “किती वाट्ये खाल्लंस?” त्यांनी आतून विचारले. “दोन,” ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांच्या पायाशी बसले.

दुसऱ्या दिवशी वही परत कपाटात ठेवताना मी शेवटचे पान उघडले. टाचणीची दोन भोके आणि तो तपकिरी ठिपका तेवढा होता. पाकीट नव्हते.

लग्नाच्या दिवशी आम्ही पावणेसातला हॉलवर पोहोचलो तर भावोजी आधीच दाराशी उभे होते, धोतरात, काखेत एक वही. पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असे लेकीच्या आग्रहाने स्पष्ट छापले होते, त्यामुळे लिहायला काही नव्हते. पण तेवढ्याने स्वस्थ बसणारा तो माणूस नव्हे. थोड्या वेळाने पाहते तर ते भोजनगृहात केटररच्या माणसाला चळती लावायला सांगून कोरी ताटे मोजत होते. 300. वहीत लिहून त्यांनी त्याची सही घेतली. मंगलाष्टकांना मात्र या वेळी ते आले. नणंदेने दुसरे कडवे घेतले तेव्हा दोघे भाऊ अंतरपाटाच्या एकाच बाजूला उभे होते, मध्ये आजीची खुर्ची, आणि दोघेही अक्षता टाकायला विसरले.

मग दिवस कसा गेला ते मला आठवत नाही. मसालेभात चांगला होता आणि जिलेब्या गार होत्या, असे लोक सांगतात. रफू केलेला शालू खांद्यापाशी पुन्हा एकदा उसवला आणि लेकीने तिथे सेफ्टी पिन लावून वर मोगऱ्याचा गजरा सोडला.

तीन वाजता पाठवणीची वेळ झाली. खाली गाडी उभी, संध्याकाळच्या कार्याची फुले दारातून आत यायला लागलेली, हॉलचा माणूस एकेक पंखा बंद करत चाललेला, लेकीचा हुंदका घशाशी आलेला, आणि बाप कुठे दिसेना. मी शोधत भोजनगृहात गेले. केटरर म्हणत होता 268. भावोजी म्हणत होते, ताटे 300 होती, 53 उरली, म्हणजे 247. केटरर म्हणाला, वाढपी आणि आचारी मिळून 21 जण जेवले, ती पाने कोण देणार? भावोजी म्हणाले, तुमची माणसे तुम्ही जेवू घालायची, हे ठरताना सांगितले होते काय? यजमान त्यांच्या शेजारी उभे होते. मला वाटले, आता म्हणतील, जाऊ दे दादा, पोर निघाली आहे. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, “उरलेली पुन्हा मोजू. तू त्या चळतीपासून घे, मी इकडून येतो.”

मी धावत बाहेर आले आणि सासूबाईंना सांगितले. लेक म्हणाली, “आत्ता? मोजतायत?” सासूबाईंनी तिचा हात धरून तिला आपल्याशेजारच्या खुर्चीवर बसवले.

“मोजूदेत तेंका,” त्या म्हणाल्या. “तू बस जरा.”